बोटीचं भाडं कुणी भरायचं?

पत्र: मी त्रेचाळीस वर्षांची, पनवेलजवळ राहते, सहकारी बँकेत कॅश काउंटरवर आहे. लहानपणी पाठीला भोपळा बांधून आजोळच्या विहिरीत पोहायला शिकले, ते आजतागायत सुटलेलं नाही. गेल्या वर्षी बाबा कॅन्सरनं गेले. शेवटचे अकरा आठवडे एका संस्थेच्या नर्सबाई आणि डॉक्टर घरी येत होते, त्यांनी एक रुपया घेतला नाही. त्यांच्यासाठी पाच लाख उभे करायचे म्हणून येत्या फेब्रुवारीत धरमतर खाडीतून मुंबईच्या गेटवेपर्यंत, 36 किलोमीटर, पोहायचं ठरवलंय. सध्या नगरपालिकेच्या तलावात आठवड्यातून चार दिवस दोन-दोन किलोमीटर पोहते, दोन किलोमीटरला पन्नास मिनिटं लागतात. बोट, परवानग्या, निरीक्षक वगैरे मिळून सव्वा लाख खर्च सांगितलाय. तो जमलेल्या पैशातून वजा करावा म्हणते. ऑफिसमधले दर किलोमीटरला शंभर रुपये देणार आहेत. न्यू जर्सीचे दीर म्हणतात, पूर्ण केलंस तर हजार डॉलर. आमचे नगरसेवक बोटीचा खर्च द्यायला तयार आहेत, फक्त टोपीवर त्यांचं नाव हवं. आणि मिस्टर म्हणतात, तो सव्वा लाख सरळ संस्थेला दे आणि घरी बस. त्यांना काय उत्तर देऊ? बीपीची गोळी चालू आहे, पण तब्येत ठणठणीत. सोबत व्हॉट्सॲपवर टाकायचा मजकूर जोडलाय. ता. क. पोस्टरवर पोहण्याच्या पोशाखातला फोटो टाकावा का? सासरी कुरकुर आहे.

उत्तर:

ताई, मिस्टरांचं गणित बरोबर आहे. तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला ते आधीच कळलं असणार, म्हणून तर विचारताय.

सव्वा लाख खर्चून पाच लाख उभे केले आणि त्यातून सव्वा लाख वजा केला, तर संस्थेच्या हाती पावणेचार पडले. शंभराची नोट देणाऱ्या तुमच्या शिपाईदादांच्या नोटेतले पंचवीस रुपये बोटीच्या डिझेलमध्ये जळाले. त्यांना हे आधी सांगितलंत तर ते कदाचित हसून ‘चालेल की’ म्हणतील. नंतर कळलं तर तुमच्याबद्दल जे म्हणतील ते तुमच्यासमोर म्हणणार नाहीत.

तेव्हा पहिला निर्णय हा घ्या: समुद्रात पोहणं ही तुमची हौस आहे आणि तिचा खर्च पदरमोड करून करायचा. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण बिल असतं. लोक हिमालयात ट्रेकला जातात, कुणी मुलाच्या मुंजीत मांडव घालतो, त्याचा हिशेब कुणी मागत नाही. तुमचा सव्वा लाख तुमचा. देणगीचा प्रत्येक रुपया मात्र संस्थेचा. हे दोन हिशेब एकदा वेगळे झाले की मिस्टरांना द्यायचं उत्तर सापडतं: ‘मी पोहते ते मला पोहायचंय म्हणून. पैसे मागते ते बाबांसाठी जे आले त्यांच्यासाठी.’ दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकमेकांवर अवलंबून नाही.

सव्वा लाख जड जात असेल तर अंतर कमी करा. ते तसंही करावंच लागणार आहे, का ते पुढे सांगतो. नगरसेवकांच्या टोपीबद्दल म्हणाल तर नको. त्यांचा हेतू वाईट असेल असं नाही; पण निवडणूक जवळ आली की तुमच्या बाबांच्या नर्सबाई फ्लेक्सवर येतील. त्यांना खरंच काही द्यायचं असेल तर संस्थेच्या नावानं पावती फाडू दे.

आता माझी फजिती सांगतो, कारण या विषयात मी शहाणपणा शिकलो तो असाच. सत्ताविसाव्या वर्षी घारापुरी ते गेटवे पोहलो, गावच्या शाळेच्या वाचनालयासाठी. पैसे घेतले माझ्याच बचत खात्यात. कोणी रोख दिले, कोणी चेक, कोणी ‘पोहून ये, मग देतो’. शेवटच्या दोन-अडीच किलोमीटरला पोटात कालवलं, दोनदा उलटी झाली, डाव्या पोटरीत गोळा आला. बोटीवरून कोच ‘वर ये’ म्हणत होते. मी ऐकलं नाही, कारण गेटवेच्या पायऱ्यांवर गावाकडून आलेली मंडळी शाल-श्रीफळ घेऊन उभी होती आणि डोक्यात एकच हिशेब होता, वर चढलो तर किती लोक पैसे परत मागतील. पोचलो. दोन दिवस सलाईनवर होतो. पुढे हिशेब लावताना तीन हजार दोनशे रुपये जुळेनात. माझ्या खिशातून घातले, तरी एक काका अजून लग्नकार्यात भेटले की ‘काय रे, वाचनालय कसंय?’ असं ज्या सुरात विचारतात, तो सूर ओळखता येतो.

म्हणून तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांनी मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. ‘दर किलोमीटरला शंभर’ आणि ‘पूर्ण केलंस तर हजार डॉलर’. दोन्ही प्रेमानं म्हटलंय. पण समुद्रात अठ्ठाविसाव्या किलोमीटरला तुम्हाला थंडी वाजून दात वाजायला लागले, तर बोटीला हात लावणं म्हणजे आठशे रुपये गुणिले माणसं, अधिक हजार डॉलर, इतकं महाग होऊन बसेल. माणूस त्या अवस्थेत नीट हिशेब करू शकत नाही, कॅश काउंटरवरचा असला तरी. पैसे मागितलेत म्हणून बोटीला हात लावायचा संकोच वाटता कामा नये. दिरांना सांगा, द्यायचे तर मी पाण्यात उतरायच्या आधी द्या, पोचण्याची अट घालू नका. ऑफिसला सांगा, ठरलेली एक रक्कम द्या.

आरती साहा आठवतात का? इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या पहिल्या आशियाई स्त्री. त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता. 27 ऑगस्ट 1959 ला त्या उतरल्या, इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर आला आणि प्रवाह उलटा फिरला. पुढचे कित्येक तास हात मारूनही अंतर फारसं कापलं जाईना, तेव्हा बोटीवरच्या वाटाड्यानं गळ घालून त्यांना बाहेर काढलं. नाखुशीनंच निघाल्या. महिन्याभरानं, 29 सप्टेंबरला, पुन्हा उतरल्या आणि 16 तास 20 मिनिटांत पार झाल्या. पहिल्या वेळी त्या वर आल्या नसत्या तर दुसरी वेळ आली असती की नाही कोण जाणे.

आता ‘दर किलोमीटरला शंभर’ ही कल्पना टाकून द्यायची नाही. तिची जागा तलावात आहे. इंग्लंडमध्ये मणक्याला इजा झालेल्यांसाठी काम करणारी ॲस्पायर नावाची संस्था आहे. ती दरवर्षी लोकांना सांगते, इंग्लिश खाडीची रुंदी, म्हणजे 22 मैल, बारा आठवड्यांत आपापल्या तलावात पोहा आणि त्यासाठी देणग्या गोळा करा. बोट नाही, परवानगी नाही, जेलीफिश नाहीत. दमलात तर कठड्याला धरा, चहा प्या, उद्या या. हेच तुम्ही आत्ता पावसाळ्यात करू शकता. धरमतरचे 36 किलोमीटर म्हणजे पंचवीस मीटरच्या तलावात 1440 फेऱ्या. बारा आठवड्यांत हे बसवायचं तर आठवड्याला तीन किलोमीटर. तुम्ही तर आठ पोहता, तुमचे साडेचार आठवड्यांत होतील. म्हणून तुम्ही एकट्या नको. शाखेतल्या ज्यांना ज्यांना पोहता येतं त्यांना ओढा. मॅनेजरसाहेबांना फक्त ब्रेस्टस्ट्रोक येत असेल तर उत्तमच, त्यांच्यावर लोक जास्त पैसे लावतील. पैसे तिथे जमतात आणि कुणाच्या जिवावर बेतत नाही. समुद्र नंतर, त्याच्या वेळी, पैशाचं ओझं पाठीवर न घेता.

धरमतरचं सांगायचं तर येता फेब्रुवारी विसरा.

रागावू नका. तुमचे आकडे बघा: दोन किलोमीटरला पन्नास मिनिटं, म्हणजे ताशी 2.4. हा वेग तलावातला, जिथे दर पंचवीस मीटरला भिंतीवर पाय देऊन एक फुकटचा धक्का मिळतो आणि अर्धा श्वास विश्रांती. समुद्रात भिंत नाही. तिथे तुमचा वेग दोनवर येईल, आणि सहा तासांनंतर त्याहून खाली. 36 किलोमीटर नुसत्या हातावर कापायचे तर अठरा तासांहून जास्त. तसं कुणी कापत नाही, पाणी मदत करतं. खाडीतून बाहेर पडायला ओहोटी लागते आणि मुंबई बंदरात शिरायला भरती. सगळी आखणी या दोन पाण्यांच्या सांध्यावर उभी असते. एक पाणी साधारण सहा तासांचं. तुम्ही दोन तास मागे पडलात तर जे पाणी ढकलणार होतं तेच तोंडावर येतं, आणि उधाणाला बंदरातला प्रवाह तुमच्या ताशी दोनला सहज मागे टाकतो. मग गेटवे समोर दिसतं, ताजचा घुमट दिसतो, आणि अर्ध्या तासानं बघावं तर तो तितकाच लांब, कधी कधी जास्त लांब. असे रडकुंडीला आलेले चांगले दांडगे पोरगे मी बोटीवर ओढून घेतलेत.

उधाण आणि भांग हे शब्द तुम्हाला ठाऊक असतीलच, पण नुसते ठाऊक असून चालत नाही, हाडात मुरायला हवेत. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, पाणी जोरात चढतं-उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. आपल्या किनाऱ्यावर कोळीबांधवांचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. नेमकी वेळ छापील वेळापत्रकातच बघायची, पण हा ठोकताळा रोज मनात करून बघा, कॅलेंडरवर तिथी बघायची सवय असेलच. तीन महिन्यांत समुद्र घड्याळासारखा कळायला लागतो.

मग करायचं काय? आधी ते बीपी. तुम्ही ते वाक्य इतक्या हळूच घुसवलंय की माझ्या नजरेतून सुटावं अशी इच्छा असावी. गोळी चालू असलेल्या, चाळिशी पार केलेल्या माणसानं तासन् तास पोहायच्या आधी हृदयाची ताण-चाचणी करून घ्यायची, हिमोग्लोबिन बघायचं, आणि डॉक्टरांना ‘पोहते’ असं मोघम सांगायचं नाही. ‘सलग पाच-सहा तास खाऱ्या पाण्यात’ असं सांगायचं. लांब पोहणाऱ्यांच्या फुप्फुसांत कधी कधी पाणी उतरतं, आणि रक्तदाब असलेल्यांत त्याचा धोका जास्त. अचानक धाप, छातीत घरघर, खोकल्यातून फेस, कधी गुलाबी, असं झालं तर दम कमी पडतोय असं समजून हात मारत राहायचं नाही. त्याच क्षणी बाहेर. हे तुमच्या बोटीवरच्या प्रत्येकाला माहीत हवं.

तलावातला सराव आता ऑक्टोबरपर्यंत. चार दिवस ठीक आहेत, पण चारही दिवस तेच दोन किलोमीटर त्याच चालीनं हे सराव नसून स्नान झालं. एक दिवस लांब पल्ला, दर आठवड्याला दहा टक्के वाढवायचा आणि चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायचा. एक दिवस वेगाचा: शंभर मीटर जोरात, थोडी उसंत, पुन्हा शंभर. बाकी दोन दिवस आरामात, हाताकडे लक्ष देऊन. लांब पल्ल्याच्या दिवशी भिंतीला पाय लावायचा नाही, एक हात अलीकडून वळायचं. पहिल्या दिवशीच फरक कळेल, आणि थोडा अपमानही वाटेल. खांद्यांसाठी रबरी पट्ट्यांचे व्यायाम रोज दहा मिनिटं. थकून खांदा जड होणं वेगळं आणि पुढच्या बाजूला टोचून दुखणं वेगळं. दुसरं झालं की थांबा. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिका. बोट ज्या बाजूला असेल तिकडून डिझेलचा धूर येतो आणि तोंड फिरवता आलं नाही तर पोटात ढवळून सगळा खेळ संपतो.

खाण्याचाही सराव लागतो, हे कुणी सांगत नाही. दर अर्ध्या तासाला दोरीला बांधलेली बाटली फेकतात. बोटीला हात न लावता, उभ्यानं पाय मारत, मिनिटभरात प्यायचं. मोठ्या पल्ल्यात बोटीला धरलं की पोहणं बाद होतं, म्हणून हे तलावात शिकून घ्या. ग्लुकोजचं पाणी, केळं, उकडलेला बटाटा, जे पचेल ते. मी स्वतः तांदळाच्या कोमट पेजेचा भक्त आहे. मीठ घातलेली पेज तोंडातला खारटपणा घालवते आणि पोटाला उब देते. पहिल्यांदा समुद्रात काही खाऊ नका जे तलावात खाल्लेलं नाही. काखेत, मानेला, पट्ट्यांखाली व्हॅसलीनचे थर द्या. मीठ तासाभरात कातडी सोलायला लागतं.

पाऊस गेला की समुद्र. एकटीनं नाही, कधीच नाही, मांडव्याला नाही, अलिबागला नाही, ‘गुडघाभरच जाते’ म्हणूनही नाही. जो कोच समुद्राचा गट घेऊन जातो त्याच्याबरोबर जा, कमरेला भडक नारिंगी तरंगता फुगा बांधून. पहिल्या दिवशी एक किलोमीटर. पाणी गढूळ असेल, स्वतःचा हात दिसणार नाही, घाबरायला होईल. विहिरीत शिकलेल्यांना हे थोडं सोपं जातं. काळ्या पाण्याची ओळख असते. दर आठ-दहा हातांनी डोकं किंचित वर काढून खूण बघायची, नाहीतर माणूस वाकडं पोहतो आणि चाराचे पाच किलोमीटर होतात. जेलीफिश लागली तर चोळू नका, गोड्या पाण्यानं धुवू नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवा. मुंबईच्या पाण्यात काय काय मिसळतं ते तुम्हाला सांगायला नको, टायफॉइड आणि धनुर्वाताच्या लशींचं डॉक्टरांना विचारा.

डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्री जलतरणाच्या स्पर्धा होतात. तिथे तीन किंवा पाच किलोमीटरला उतरा. स्वच्छ पाणी, शेकडो पोहणारे, आठ वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत, आणि संध्याकाळी बांगडा. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मुंबई बंदरातल्या संक रॉक दीपस्तंभापासून गेटवेपर्यंतचे पाच, मग जमलं तर घारापुरी ते गेटवे, जे पोहणाऱ्यांत 14 किलोमीटर म्हणून धरलं जातं. त्यानंतरही धरमतरची भूक राहिली तर तिसरा हिवाळा. स्वतःला लावायची कसोटी मी एकच सांगतो: एका आठवड्यात सगळे दिवस मिळून तेवढं अंतर होतं का, आणि एका दिवशी सलग सहा तास होतात का. इंग्लिश खाडीला एकट्यानं जाणाऱ्यांना सोळा अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सहा तास काढल्याचा दाखला आधी द्यावा लागतो. आपलं पाणी हिवाळ्यातही त्यापेक्षा बरंच उबदार, पण सहा तास ते सहा तासच. शरीराचा आणि मनाचा खरा स्वभाव पाचव्या तासाला कळतो.

बोटीवर कोण असेल ते आत्ता ठरवू नका, पण एक नियम आत्ताच लिहून ठेवा: तुम्हाला बाहेर काढायचा अधिकार कोचचा आणि निरीक्षकाचा, तुमचा नव्हे आणि मिस्टरांचाही नव्हे. घरचा माणूस एकतर पहिल्या उचकीला बाहेर काढतो किंवा हट्टानं पुढे ढकलतो, मधलं त्याला जमत नाही. त्यांना दुसऱ्या बोटीत बसवा, पेजेचं खातं द्या. बोटीवर एकाचं काम फक्त तुमच्याकडे बघायचं आणि मिनिटाला हात मोजायचं. साठचे अठ्ठेचाळीस झाले की प्रश्न विचारायचे. तुम्हाला सतराचा पाढा विचारावा. तो अडखळला तर गेटवे शंभर मीटरवर असो वा शंभर किलोमीटरवर, वर.

पैशांच्या बाजूला येऊ. तुमच्या खात्यात एक रुपयाही घ्यायचा नाही. संस्थेचा स्वतःचा क्यूआर कोड आणि खाते क्रमांक मागून घ्या, तोच सगळीकडे द्या. तुमच्या सोसायटीच्या गणपती मंडळात कुणाला तरी माहीत असेल की वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते, कलम 41 क खाली. ते कलम फक्त गणपतीपुरतं नाही. धर्मादाय कामासाठी लोकांकडून स्वतः पैसे गोळा करणाऱ्यालाही लागू होतं. पैसे थेट संस्थेत गेले, पावती संस्थेनं दिली, की तुम्ही फक्त सांगणाऱ्या राहता, गोळा करणाऱ्या नाही. आधी संस्थेला लेखी कळवा की तुमच्या नावानं मी हे करतेय, आणि त्यांचं होकाराचं पत्र घ्या. संस्थेचा न्यास नोंदणी क्रमांक आणि देणगीवरच्या करसवलतीची (80जी) मान्यता चालू आहे का तेही बघा. दोन हजारांच्या वर रोख दिली तर करात सवलत मिळत नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतलीय त्यांना ती सवलत मुळातच नाही. हे आधी सांगा, नाहीतर मार्चमध्ये तुमच्याच काउंटरवर येऊन भांडतील.

दिरांचं थोडं नाजूक आहे. त्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतले देत असतील, तर प्रश्न नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असूनही त्यांचे पैसे परदेशी देणगी ठरतात. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच येऊ शकतात. ‘वहिनी, तुझ्या खात्यात टाकतो, तू पुढे दे’ हा घरगुती मार्ग इथे चालत नाही. संस्थेकडे नोंदणी नसेल तर दिरांना म्हणा, तिकडच्याच एखाद्या अशा सेवेला द्या, बाबांच्या नावानं. पाच लाखांतले थोडे कमी होतील.

त्या पाच लाखांचंही एक विचारू? आकडा कुठून आला? गोल आकडा ऐकून माणूस ‘बापरे’ म्हणतो आणि फुल ना फुलाची पाकळी म्हणून एकशे एक देतो. संस्थेत जाऊन बसा, विचारा: नर्सबाईंच्या एका घरभेटीला किती खर्च येतो? हवेची गादी महिनाभर वापरायला द्यायला किती? जखमेच्या ड्रेसिंगला? मग मागणी अशी करता येते की अमुक रुपयांत एका घरी एक भेट. देणाऱ्याला कळतं आपण काय दिलं.

आता तुमचा मजकूर. ‘मी एक ऐतिहासिक साहस करण्यास सज्ज झाले असून आपल्या सहकार्याची नितांत आवश्यकता आहे’ इथपर्यंत वाचलं आणि मला वर्गणीचं पुस्तक दिसायला लागलं. ऐतिहासिक नाही हो ते, शाळकरी पोरं धरमतर पोहून आलीत. तुमच्याकडे यापेक्षा फार मोठी गोष्ट आहे आणि ती तुम्ही पत्रात दोन ओळींत सांगून मोकळ्या झालात. मी असं लिहिलं असतं:

‘बाबांचे शेवटचे अकरा आठवडे घरी गेले, दवाखान्यात नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक नर्सबाई यायच्या. पाठीची जखम धुवायच्या, मॉर्फिनची गोळी कधी द्यायची ते आईला समजवायच्या, आणि जाताना बाबांशी क्रिकेटवर दोन मिनिटं बोलायच्या. पैसे घेतले नाहीत. अशी सेवा असते हे आम्हाला आधी माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल. येत्या बारा आठवड्यांत आम्ही शाखेतले सातजण तलावात प्रत्येकी 36 किलोमीटर पोहणार आहोत. पोहण्याचा खर्च आमचा. तुम्ही दिलेले सगळे पैसे थेट संस्थेला. एका घरभेटीला इतके रुपये लागतात. क्यूआर खाली आहे. पैसे नसतील तर हा निरोप अशा घरी पोचवा जिथे कुणी अंथरुणाला खिळलंय.’

वार आणि क्रिकेट मी माझ्या मनानं घातलंय, तुमचं खरं घाला. शेवटची ओळ मात्र काढू नका. पैसे न देणारे दोनशे लोकही ती वाचतील, आणि त्यातल्या एखाद्या घरात या क्षणी कुणीतरी कण्हत असेल. आपल्याकडे अजून असंख्य घरांना वाटतं की मॉर्फिन म्हणजे शेवट किंवा व्यसन. खरं तर 2014 मध्ये कायदा बदलून ती वेदनेसाठी मिळणं सोपं केलंय. पोहण्यातून नुसते पैसे नाही, अशी माहितीही पोचवता येते. जिया राय ही मुंबईची ऑटिझम असलेली मुलगी 2021 मध्ये वांद्रे-वरळी सी लिंकपासून गेटवेपर्यंत 36 किलोमीटर पोहली, तेही ऑटिझमची माहिती लोकांपर्यंत पोचावी म्हणून. ते लोकांनी ऐकलं.

राहिला फोटो. सासरच्या कुरकुरीवर मी मत देणं बरं नाही, पण तुम्ही विचारलंय. टोपी-गॉगल घातलेलं डोकं आणि एक हात पाण्याबाहेर, एवढाच फोटो पोहणाऱ्याचा सगळ्यात चांगला दिसतो, आणि त्यात पोशाखाचा प्रश्नच येत नाही. मिस्टरांना तलावाच्या काठावर उभं करा आणि त्यांच्याकडूनच काढून घ्या. पन्नास मिनिटं उभे राहिले की तुम्ही काय करताय ते त्यांनाही दिसेल.

ताण-चाचणीचा निकाल आला की दोन ओळी टाका. त्यात काही वावगं निघालं तर मालवणला नुसतं बघायला या, मी डिसेंबरात तिथेच असतो, हातात शिट्टी घेऊन.